मार्केट जळतं ते बंब उशिरा आला म्हणून नाही

मार्केटला आग लागली की दुसऱ्या दिवशी एक मेसेज हमखास फिरतो. म्हणे आग शॉर्टसर्किटने लागते आणि बंब उशिरा आल्यामुळे वाढते. गाळ्यागाळ्यात फायर एक्स्टिंग्विशर ठेवला की पुरे. मार्केटच्या रचनेचा विषय काढणं म्हणजे गाळेधारकांना उठवण्याचा डाव. लोक आयुष्यभराची पुंजी गाळ्यात भरतात आणि अशा मेसेजवर निर्धास्त राहतात, म्हणून हे लिहितोय.

आधी बंबाचं. ढाक्यातलं बंगबाजार हे कपड्यांचं अवाढव्य मार्केट. बांगलादेशच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय त्याच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे. 4 एप्रिल 2023 ला सकाळी सहाच्या सुमारास तिथे आग लागली. ती आटोक्यात यायला सहा तासांहून जास्त लागले आणि ईदसाठी भरलेल्या मालासकट हजारो दुकानं राख झाली. लाकडाचे आणि पत्र्याचे मजले, एकमेकांना चिकटलेले गाळे, चिंचोळ्या वाटा. पाणीसुद्धा पुरेना. जवळच्या विद्यापीठाच्या तळ्यातून पाइप ओढावे लागले, हेलिकॉप्टरने हातिरझील तलावाचं पाणी आणावं लागलं. बंब दारात असून ही गत झाली.

पुण्यात कॅम्पातली फॅशन स्ट्रीट 26 मार्च 2021 च्या रात्री जळाली, तीही भर शहरात. असं मार्केट एकदा नीट बघा. भिंत म्हणजे प्लाय नाहीतर पत्रा. वर पोटमाळा, त्यात जीन्स-टीशर्टचे गठ्ठे छपराला टेकलेले. बाहेर ऊन-पावसासाठी ताडपत्री, आणि तिची दोरी समोरच्या गाळ्याच्या खांबाला. खाली वाट मोकळी असली तरी आग वरच्या वर, ताडपत्रीवरून पलीकडच्या रांगेत पोचते. बंबवाले पाइप घेऊन आत शिरेपर्यंत ती दोन रांगा पुढे असते.

शॉर्टसर्किटचं थोडक्यात. बंगबाजारच्या आगीसाठी तिथल्या महापालिकेच्या चौकशी समितीने डासांची कॉइल किंवा सिगरेटचं थोटूक यांच्याकडे बोट दाखवलं. वायरिंग चांगलं हवंच, त्यावर वाद नाही. पण ठिणगीने जळतो तो एक गाळा. बाकीचे शेकडो का जळाले, याचं उत्तर मधल्या भिंतीत शोधावं लागतं. ठराविक गाळ्यांनंतर छपरापर्यंत गेलेली विटांची भिंत आणि दोन रांगांमध्ये वरूनही मोकळा राहणारा पट्टा एवढं असतं, तर आग तिथे अडवता आली असती.

एक्स्टिंग्विशर जरूर ठेवा. दिवसा, सुरुवातीच्या मिनिटाला, वापरायला शिकलेल्या माणसाच्या हातात तो कामाचा आहे. पण सहा किलोची पावडर काही सेकंदांत संपते. शिवाय वरच्या दोन्ही आगी भडकल्या तेव्हा एक पहाट होती, एक रात्र. शटर ओढलेली, कुलपं लागलेली. बंद गाळ्यातल्या सिलिंडरची पिन काढणार कोण? त्या वेळेला उपयोगी पडतो तो आपोआप पाणी सोडणारा स्प्रिंकलर, धूर ओळखून वाजणारा अलार्म, तो ऐकायला जागा असलेला वॉचमन आणि पाण्याने भरलेली टाकी. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जिथे अशी यंत्रणा आहे तिथे ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. आपल्या मार्केटचं शेवटचं प्रमाणपत्र कधीचं आहे, हे असोसिएशनच्या बैठकीत विचारा.

राहिला डावाचा आरोप. या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. पुनर्विकासाच्या नावाखाली गाळा गेलेली माणसं प्रत्येक शहरात आहेत. बंगबाजारला 2019 मध्येच धोकादायक ठरवून अग्निशमन दलाने नोटिसा लावल्या होत्या आणि महापालिकेला तिथे पक्की इमारत बांधायची होती. व्यापारी कोर्टात गेले, काम अडलं, आणि शेवटी आगीने सगळ्यांनाच उठवलं. म्हणून भांडायचंच तर ते नव्या आराखड्यात गाळ्याचा नंबर, क्षेत्रफळ आणि भाडं लेखी मिळवण्यासाठी भांडावं. त्याच कागदावर बंब शिरेल एवढा रस्ता, हायड्रंट म्हणजे आगीसाठी पाण्याचा पाइप जोडायचा नळ, आणि मधल्या भिंतीसुद्धा मागाव्यात. काम चालू असताना धंदा बसू नये म्हणून तात्पुरती जागा कुठे मिळेल, तेही त्यातच लिहून घ्यावं.