रूथ की ओहतानी?

पिचिंग (म्हणजे गोलंदाजी) आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या बेसबॉलपटूंमध्ये जपानच्या शोहेई ओहतानीने गेल्या शतकातील अमेरिकन खेळाडू बेब रूथला मागे टाकले, हा तुमच्या लेखातील निष्कर्ष मला मान्य असला तरी त्यासाठी दिलेला २०२४ च्या हंगामाचा दाखला पटत नाही. त्या वर्षीचे ५४ होमरन (चेंडू थेट सीमेपार धाडणारे फटके) आणि ५९ चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले पुढचे टप्पे) थक्क करणारे आहेत खरे, पण कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्या हंगामात तो पिचर म्हणून उतरलाच नव्हता. तुलना २०२२ शी करावी. तेव्हा त्याने पिचर म्हणून १५ विजय मिळवले आणि ३४ होमरन मारले, तर १९१८ मध्ये रूथचे हेच आकडे १३ आणि ११ होते (अर्थात महायुद्धामुळे तो हंगाम लवकर आटोपला होता). शिवाय रूथच्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची, दारे बंद होती, ती १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने उघडली. त्यामुळे सॅचेल पेजसारख्या कृष्णवर्णीय पिचरचा सामना रूथला मेजर लीगमध्ये कधी करावाच लागला नाही, आणि पेज तेथे पोहोचला तोवर त्याने चाळिशी ओलांडली होती. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशोदेशीच्या संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मातीने मळलेल्या विजारीनिशी पिचिंगला आलेल्या ओहतानीने, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाले असताना (म्हणजे पुढचा चेंडू निर्णायक ठरू शकत असताना), बाहेर वळणाऱ्या चेंडूवर आपलाच तेव्हाचा क्लबसहकारी माइक ट्राउट याला चकवून बाद केले, ते दृश्य मी आजही पुन्हा पुन्हा पाहतो.