बारीक असणं ही तपश्चर्या नव्हे

अजिंक्यतारा चढून आल्यावर खाली चहा पीत दुसऱ्याच्या पोटावर प्रवचन देणाऱ्या समस्त सातारकर मित्रांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. मीही तुमच्यातलाच. कंदी पेढ्यांचा अर्धा बॉक्स एकट्याने संपवला तरी माझ्या पँटचं माप बदलत नाही. यात माझं कर्तृत्व शून्य आहे.

"तोंडावर ताबा नाही" हे आपलं ठरलेलं निदान. पण एकाच आईच्या हातची भाकरी खाऊन वाढलेले दोन सख्खे भाऊ, एक आडवा, एक काटकुळा, हे घरोघरी दिसतं. "थोरला आज्याच्या वळणावर गेलाय," असं म्हणणारी म्हातारी माणसं आपल्यापेक्षा सत्याच्या जवळ होती. १९८६ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांशी जुळत होती. ज्यांच्या घरी जेवून ती वाढली, त्यांच्याशी नाही!

त्याहून भारी प्रयोग कॅनडात झाला. एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना १०० दिवस देखरेखीखाली ठेवलं आणि त्यातले ८४ दिवस रोज १००० कॅलरी जादा खायला घातल्या. जादा खाणं सगळ्यांना सारखंच. तरी कुणाचं वजन ४ किलोंनी वाढलं, कुणाचं १३ किलोंनी. आणि जुळ्यांपैकी एकाचं जेवढं वाढलं, साधारण तेवढंच दुसऱ्याचं. आता सांगा, १३ किलोवाला जास्त हावरट होता का?

२००७ मध्ये एफटीओ नावाच्या जनुकातला एक फरक सापडला. तो आई आणि बाप दोघांकडूनही आला असेल, तर माणूस सरासरी ३ किलोंनी जड असतो. असे शेकडो बारीक फरक आता माहीत आहेत, आणि त्यातले बरेचसे मेंदूत भूक नि तृप्तीच्या जागी काम करतात. म्हणजे काहींना दुसऱ्या भाकरीला पोट भरल्याचा निरोप मिळतो, काहींना चौथीपर्यंत मिळतच नाही. निरोप वेळेवर मिळणाऱ्यांनी त्याला संयम म्हणून मिरवू नये, एवढंच.

"मग व्यायाम सोडायचा का?" असं कुणीतरी खाली लिहिणारच. नाही हो. अंगमेहनत करणाऱ्यांत याच एफटीओचा परिणाम पाव हिश्शाहून जास्त कमी दिसलाय. शिवाय एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदलली ती आपली राहणी. शेताला चालत जाणारा बाप आणि कोपऱ्यावरच्या दुकानालाही स्कूटर काढणारा मुलगा, जनुकं तीच. (ऑनलाइन जनुक तपासणीची किटं मात्र माझ्या मते पैशाची नासाडी. घरातल्या पाच माणसांचं वजन आणि साखर विचारा, फुकटात पुष्कळ कळतं.)

आता आपल्या बारीक मंडळींसाठी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, हा प्रकार फार. म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली आहे.

तेव्हा उद्या लग्नाच्या पंगतीत पुतणीला "बास कर आता" म्हणण्याआधी काकांनी स्वतःची कंबर टेपनं मोजावी आणि उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी. मी माझी तपासली. आकडा सांगणार नाही, पण पेढे सध्या बंद आहेत.