त्याला विचारा ना, मला काहून विचारता?

डोकं फिरलंय आज. रागात लिहितोय, शुद्धलेखन काढत बसू नका.

दादाच्या, म्हणजे माझ्या मावसभावाच्या, खात्याची केवायसी करायला तालुक्याच्या बँकेत गेलतो. दादाला लहानपणापासून ऐकू येत नाही. ओठ वाचतो, मराठी लिहितो-वाचतो, मोटार रिवायंडिंगचं स्वतःचं दुकान चालवतो. काउंटरवरच्या साहेबांच्या तोंडात गुटखा, नजर कॉम्प्युटरवर. मला विचारतात, "ह्याला सही येती का?"

अहो, माणूस समोर उभा आहे! खातं त्याचं, पैसा त्याचा. मी म्हणलं, त्यालाच विचारा. तर साहेब मान वर न करता ओरडले, "अंगठा लावा, अंगठा!" अख्खी बँक वळून बघायला लागली. ज्याच्यासाठी ओरडले त्यालाच तेवढं कळलं नाही.

ओरडून काय होतं सांगा बरं? ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं, मग कळत होतं तेही कळेनासं होतं. तसंही ओठांवर सगळं दिसत नसतंच. आरशापुढं आवाज न काढता बाप, माप, पाप म्हणून बघा, तिन्ही सारखेच. बाकीचं तो अंदाजानं जुळवतो. त्यात समोरच्याच्या गालात पुडी असली तर ब्रह्मदेवालाही वाचता यायचं नाही.

तोंड त्याच्याकडं करायचं, उजेडात, नेहमीच्या आवाजात बोलायचं. नाही कळलं तर तेच वाक्य चारदा न घोकता दुसऱ्या शब्दांत सांगायचं. तरी अडलं तर लिहून दाखवायचं. काउंटरला दोरीनं बांधलेला पेन असतोच की.

मान्य, गर्दी होती, लिंक सारखी जात होती. पण मला विचारायला वेळ होता ना?

आता दादाच्या दुकानात या. खेड्यावरचा म्हातारा शेतकरी मोटार घेऊन येतो, शाळेचं तोंड न बघितलेला. बोट गोल फिरवतो, ते मधेच थांबवतो, मग नाकाजवळ हात नेऊन तोंड वाकडं करतो. झालं. मोटार फिरता फिरता बंद पडली, जळका वास आला. दादा पाटीवर आकडा लिहितो, म्हातारा दोन बोटं मिटवून कमी करायला लावतो, दोघं हसतात. कुणी शिकवलं हो त्या म्हाताऱ्याला? त्याला दादाशी काम होतं म्हणून तो दादाशी बोलला, एवढंच. हे आठवलं की जरा बरं वाटतं.

आणि मग तो "ह्याला सही येती का" आठवतो अन् पुन्हा टाळकं सरकतं. पावतीबुकावर रोज सह्या करणारा माणूस आहे तो!

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ब्रेल, मोठी अक्षरं, खुणांची भाषा, लिहून दाखवणं, सोपी भाषा, सगळं त्यात संवाद म्हणूनच धरलंय. सोपी भाषा म्हणे! त्याच बँकेच्या भिंतीवर "सदर प्रपत्र परिपूर्ण भरून सादर करावे" असं चिकटवलंय. कान-डोळे धड असलेल्यांनाही ते शेजारच्याला विचारावं लागतं.

पण एकट्या बँकेला काहून बोलू? आपल्या गल्लीच्या ग्रुपवर पाण्याचं वेळापत्रक काय येतं? कागदावर लिहून काढलेला फोटो, तोही तिरपा. ग्रुपातल्या एका काकांना दिसत नाही. त्यांचा मोबाइल टाइप केलेलं सगळं घडाघडा वाचून दाखवतो, पण फोटो आला की नुसतं "फोटो" म्हणून गप्प. मग काका ह्याला त्याला फोन करत बसतात. आठ-आठ दिवसांनी सुटणारं पाणी, हुकलं तर टँकर.

फोटो टाका, नको कोण म्हणतंय, पण खाली एक ओळ टाइप करा: वार, वेळ, कोणती गल्ली. ॲडमिनसाहेब, पोस्ट वाचताय ना? लाइक नंतर करा, या आठवड्याचं पाणी कधी ते आधी टाइप करून टाका.