दादा, तुम्ही पण जाणारच ना?
बालगृहातली मुलं अभ्यासात मागे पडतात कारण शिकवणी नसते असं एका लेखात म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. मी दोन वर्षं दर रविवारी एका बालगृहात दहावीच्या पोरांना गणित शिकवायला जायचो, तिथल्या मुलांना सांभाळणाऱ्या ताई बदलल्या आणि वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा महिनाभर वहीच उघडेना, विचारलं तर म्हणाला दादा तुम्ही पण जाणारच ना. काय बोलणार! त्यात 18 पूर्ण झाली की संस्था सोडायची, 2015 च्या बाल न्याय कायद्यात पुढे 21 पर्यंत मदतीची सोय आहे पण ऐन बारावीत डोक्याला टेन्शन असतंच ना. प्लीज, शिकवायला जाणार असाल तर निदान एक अख्खं वर्ष जा, मधेच सोडू नका.