केल्सची पोथी, सोने आणि चौकटीची वही: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. केल्सची पोथी म्हणजे बायबलमधल्या शुभवर्तमानांची (ख्रिस्ताच्या चरित्रकथांची) रंगीत चित्रांनी सजवलेली जुनी हस्तलिखित प्रत. आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांसाठी तिच्यावर बेतलेली देशपातळीवरची चित्रस्पर्धा असते. स्पर्धेची तयारी कशी करावी यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पोथीतल्या निळ्याला लाजवर्द (निळ्या दगडाची पूड) म्हटले ते चूक. सोनेरी रंग वापरू नका हा सल्ला चूक, कारण सोन्याशिवाय ‘इल्युमिनेटेड’, म्हणजे उजळवलेली, पोथी कसली? आणि चौकोन आखून गाठी (एकमेकींत विणलेल्या पट्ट्यांची नक्षी) काढायला लावणे म्हणजे मुलांना कारकून करणे.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा, असे जुन्या पुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. प्रकाश टाकून पदार्थ ओळखायच्या रामन पद्धतीने (होय, आपल्या सी. व्ही. रामन यांच्याच नावाची) रंग तपासले तेव्हा तिथे नीळ निघाली. तीही बहुधा युरोपातल्या वोड नावाच्या रोपाची. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा मान्य नाही. ही पोथी इ.स. ८०० च्या सुमाराची, वासराच्या कातड्यावर लिहिलेली, ३४० पत्रांची (पत्र म्हणजे दोन बाजूंचे एक पान). आज ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तिच्या एकाही पानावर सोन्याचा वर्ख नाही. सोन्याची गोष्ट येते ती चोरीतून. अल्स्टरच्या बखरीत (आयर्लंडमधल्या जुन्या सालवार नोंदींत) १००७ सालची नोंद आहे: कोलम किल्ले या आयरिश संताचे थोर शुभवर्तमान चोरीला गेले आणि दोन महिने वीस रात्रींनी मातीच्या ढेकळाखाली सापडले, वरचे सोने काढून घेतलेले. ती नोंद याच पोथीची असे मानतात. पण ते सोने वेष्टनाचे होते, पानांतले नव्हे. पानांत सोन्याचे काम करतो हरताळ, एक पिवळे खनिज. आपल्याकडे पोथीत चूक झाली की त्यावर हरताळ फासत, वाक्प्रचार तिथूनच आला. तिकडे तोच हरताळ पान उजळायला वापरला. चूक झाकायची मात्र त्यांना फार घाई नसे. एका पानाचा मजकूर चुकून दोनदा लिहिला गेला, तर खरवडत न बसता त्याला लाल फुल्या मारून मोकळे झाले.

बाकीचे रंगही आपल्या ओळखीचेच. लाल म्हणजे शेंदूर, हिरवा म्हणजे जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज), आणि जांभळा दगडफुलाच्या एका भाऊबंदापासून (मसाल्यातले दगडफूल वेगळे). हरताळात गंधक असतो, शेंदरात शिसे, जंगालात तांबे. हरताळ या दोघांत मिसळला की रंग काळवंडतो. जंगालाला ओल लागली की तो कातडेच खातो. म्हणून ‘अस्सल रंग आणा’ असे कुणालाही सांगू नका. हरताळ म्हणजे आर्सेनिक, मुलांच्या हाती द्यायची वस्तू नव्हे. साध्या जलरंगातला उबदार पिवळा पातळ लावावा, पूर्ण वाळू द्यावा, मग दुसरा हात. बाजारी सोनेरी रंग छापील प्रतीत करडा दिसतो आणि शेजारचा प्रत्येक रंग मारतो, हेही माझ्या सल्ल्यामागचे कारण आहे.

आता तिसरा, खरा वादाचा. मुलांना मोकळे सोडा म्हणता, तर ठिपके न मोजता रांगोळी काढून बघा. केल्सच्या चित्रकारांना कंपास आणि आखणी लागत होतीच. तिथली गाठ डोळ्यांनी बघून उतरवणारा मुलगा तिसऱ्या वळणावर अडकतो, कारण तो गाठीतल्या पट्टीची कड बघत असतो, रचना नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, या वेळी आकड्यांसह. १ सेंटीमीटरचे चौकोन आखा, आडवे ५, उभे ७. पेन्सिल २एच, हात हलका. जोर दिला की कागदात चर पडतो आणि रंग त्यातच साचतो. प्रत्येक चौकोनाच्या चारही बाजूंचे मध्य तिरप्या रेघांनी जोडा. चौकोनांच्या आतल्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर दोन पट्ट्या एकमेकींना छेदतील, बाहेरच्या कडेवर पट्टी वळेल. एकूण ५८ छेद. पट्टी ४ मिलिमीटर रुंद ठेवा, म्हणजे मध्ये साधारण ३ ची फट उरते. ५ मिलिमीटरला फटी बुजतात आणि काळी पार्श्वभूमी भरायला जागाच राहत नाही.

दोरा (म्हणजे न तुटता फिरणारी पट्टी) एकच सलग हवा असेल तर आडव्या-उभ्या आकड्यांना १ सोडून सामाईक विभाजक नको. ५ आणि ७ ला एक दोरा, ४ आणि ६ ला दोन, ६ आणि ९ ला तीन. महत्तम सामाईक विभाजक काढला की दोऱ्यांची संख्या मिळाली. शाळेतल्या मसाविचा इतका देखणा उपयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

वर-खाली विणताना बहुतेकांचा घोळ होतो, कारण ते एका टोकापासून ‘वर, खाली, वर’ असे मोजत जातात आणि एक छेद सुटतो. मोजूच नका. छेद उभ्या रेघेवर असेल तर उजवीकडे चढणारी पट्टी वर. आडव्या रेघेवर असेल तर उजवीकडे उतरणारी वर. बस.

आणि मोकळीक इथे सुरू होते. कुठलाही छेद पुसा, तिथे भिंत आहे असे समजून दोन्ही पट्ट्या उलट वळवा, उभी भिंत किंवा आडवी. वरचा नियम तरीही चुकत नाही. ८-१० भिंती घातल्या की त्याच जाळीतून कुणाचीच नसलेली गाठ निघते. एकाच चौकोनाच्या चारही बाजूंना मात्र भिंती घालू नका, आत सुटे कडे तयार होते. दोन वेगळ्या दोऱ्यांच्या छेदावर भिंत घातली की दोरे जोडले जातात, हे ४ बाय ६ मध्ये करून पाहावे.

नक्कल नको, यावर आपले एकमत आहे. ख्रिस्ताच्या नावाच्या त्या प्रसिद्ध पानावर (पत्र ३४, पुढची बाजू) खाली मांजरे, उंदीर आणि मासा धरलेले पाणमांजर आहे. ती मठाच्या आसपासची जनावरे. मुलाने गाठीच्या शेपटाला तोंड द्यायचेच असेल तर अंगणातला प्राणी द्यावा, उगाच ड्रॅगन नको.

कागदाबद्दल तुम्ही विचारलेत: गुळगुळीत, ३०० जीएसएमचा. खरखरीत कागदावर ०.३ मिलिमीटरच्या पेनाची रेघ तुटते. शाई वॉटरप्रूफच, नाहीतर पिवळ्याचा पहिला हात फिरताच काळे ओघळ उतरतात. पेन्सिल पुसायची ती शाई पुरती वाळल्यावर आणि रंग लावण्याआधी. पाण्याचा हात फिरल्यावर ती सहसा निघत नाही.