साहेबांना जायचंय, चारशेच करा

"ताई, खेळात राजकारण आणू नका."

आज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मला मिळालेला सल्ला. सोबत जोडलेले हात. दुपारपर्यंत त्यावर सतरा अंगठे पडले, त्यातले दोन माझ्या सख्ख्या नात्यातले. देणारे काका वाईट नाहीत, दर रविवारी आम्ही एकाच गाडीवर तर्री-पोहे खातो. म्हणून तिथे गप्प बसले आणि इथे लिहून राहिले. इथे निदान तुम्ही आहात.

झालं असं. माझी भाची, नववीतली, रविवारी पळायला गेली. आमच्या भागातल्या एका नेत्याच्या वाढदिवसानिमित्त क्रीडा महोत्सव होता. पोरगी ८०० मीटरला दुसरी आली. घामेजलेली तशीच घरी आली, पदक माझ्या हातात ठेवलं, "आत्या, पाह्य ना!" पाहिलं. पदकाच्या मधोमध साहेब हसत होते. टी-शर्टवर साहेब, प्रमाणपत्रावर साहेब, पाण्याच्या बाटलीवर साहेब. पदक उलटं केलं, म्हटलं मागे तरी हिचं नाव, अंतर, नंबर असेल. मागची बाजू कोरी. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की पदकावर पळणाऱ्या पोरीचं नाव नसेल तर दुसऱ्या कोणाचं तोंडही नको. पाच मिनिटांत सल्ला हजर.

म्हणजे पदकावर थोबाड छापणारा राजकारण करत नाही, ते पाहून बोलणारी बाई करते. वा रे बाप्पा!

मला एकदम १९८२ आठवलं. माझ्या घरच्यांना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी पुढे सरकावं.

दिल्लीत एशियाड नुकतंच झालेलं. आमच्या वह्यांवर त्या स्पर्धेचं बोधचिन्ह, अप्पू हत्ती. चार्ल्स बोरोमियोने ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलेलं, गीता झुत्शीने ८०० आणि १५०० ची रौप्यं. मी सातवीत, आणि गल्लीभर सांगत सुटलेली की माझीही ८००च. थाप नव्हती ती. पहिल्या फेरीत मी कायम मागे असायची, चौथी, पाचवी. दम राखून ठेवायचा आणि दुसऱ्या फेरीत, शेवटच्या वळणाच्या जरा आधी, एकेकीला गाठायचं. आमचे पीटीचे सर म्हणायचे, हिचं इंजिन डिझेलचं आहे, तापायला वेळ लागतो. बाबांनी बर्डीवरून कॅनव्हासचे पांढरे बूट आणले होते. रात्री मी ते उशाशी घेऊन झोपले.

शाळा-शाळांच्या स्पर्धा. शर्यत साडेआठला. प्रमुख पाहुणे आले एक वाजता. तोवर आम्ही रांगेत, हातात कागदी झेंडे. डिसेंबर असला तरी दुपारचं नागपूरचं ऊन ते, मुरूम तापला होता आणि निम्म्या पोरी अनवाणी. मग हार झाले, भाषण झालं. भाषणात एशियाड होतं, देशाची मान होती, उद्याच्या खेळाडू कन्या होत्या. आम्ही रेषेवर जाऊन उभ्या राहिलो तेव्हा माईकजवळून कोणीतरी शिट्टीवाल्या सरांना ओरडून सांगितलं, "साहेबांना जायचंय, चारशेच करा!"

मला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि डोक्यात शिरलं नाही. एक फेरी संपली तेव्हा मी चौथी होते आणि आत्ता कुठे श्वास बसत होता. समोर दोरी. पहिलीने ती छातीवर घेतली, दोरी खाली पडली, आणि मी तिच्यावरून पळतच राहिले. एकटी. पन्नास-साठ पावलं. मांडवातून हसण्याचा आवाज आला तेव्हा थांबले.

असो.

पाहुण्यांसाठी खेळ ताटकळवायचा हा प्रकार आपल्या मातीतला म्हणू नका, फार जुना आहे. रोमच्या नीरो बादशहाला ऑलिंपियात उतरायची हौस आली, तर खेळच दोन वर्षं पुढे ढकलले, इसवी सन ६७ मध्ये झाले. दहा घोड्यांचा रथ घेऊन हा माणूस उतरला, रथातून पडला, शर्यत पूर्णही केली नाही, आणि विजेता कोण? तोच. मेल्यावर त्याचा विजय नोंदीतून खोडला. आमचे साहेब निदान स्वतः पळत नाहीत, तेवढं बरं.

आणि बायकांची दुसरी फेरी तर सगळ्या जगानेच काढून घेतली होती, हे मला पन्नाशीत कळलं. बॅरन पिएर द कुबर्तँ यांनी १८९४ साली पॅरिसमध्ये ऑलिंपिकची समिती काढली, १८९६ ला अथेन्समध्ये खेळ भरवले. जगातल्या तरुणांनी लढण्याऐवजी एकत्र खेळावं, केवढा सुंदर विचार! पण बायकांनी मैदानात उतरावं हे त्या गृहस्थांना शेवटपर्यंत पटलं नाही. अथेन्सला एकही बाई धावली नाही. १९२८ ला अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एकदाची बायकांची ८०० मीटर झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, जागतिक विक्रम. शर्यत संपल्यावर काहीजणी खाली बसल्या, आडव्या झाल्या. ८०० पळून बघा म्हणजे कळेल, पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून लिहिलं, आणि वरच्या साहेबांनी ठरवलं की बाईच्या जातीला हे झेपत नाही. मग १९६० च्या रोमपर्यंत, बत्तीस वर्षं, ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या पुढे पळू दिलं नाही.

मला तरी चारशेवर थांबवलं. त्यांना दोनशेवर.

हे वाचलं तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्यांऐवजी सात झाल्या. डाळीचा लगदा झाला. कोणाला सांगणार होते, की चाळीस वर्षांपूर्वी मांडवात हसले होते ते आठवून रडून राहिले?

आता आमच्या ग्रुपवरच्या काकांचे मूळपुरुष भेटा. एव्हरी ब्रंडेज. १९३६ ला हिटलरच्या बर्लिनला जायचं की नाही यावर अमेरिकेत वाद पेटला होता, कारण जर्मनीत ज्यू खेळाडूंना क्लबांतून हाकलणं सुरू होतं. ब्रंडेज तेव्हा अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, खेळात राजकारण नको, जायचंच. गेले. स्टेडियमभर स्वस्तिकाचे झेंडे, हात पुढे करून सलाम, कोणाला त्यात राजकारण दिसलं नाही. ज्या मशालीचे फोटो आपण दर चार वर्षांनी भक्तिभावाने शेअर करतो ना, ती ऑलिंपियाहून पळत आणायची रीतसुद्धा त्याच साली, त्याच सरकारच्या मांडवात सुरू झाली. जेसी ओवेन्सने चार सुवर्णं घेऊन हिटलरचा फुगा फोडला, हे आपण सगळे सांगतो. परत आल्यावर त्याला, काळा म्हणून, स्वतःच्या देशात बसमध्ये पुढच्या सीटवर बसता येत नव्हतं, हे सांगायचं राहून जातं.

मग १९६८, मेक्सिको. ब्रंडेज आता आंतरराष्ट्रीय समितीच्या खुर्चीवर. उद्घाटनाला दहा दिवस असताना तिथल्या सैन्याने चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. खेळ ठरल्या दिवशी सुरू. आणि मग २०० मीटरचा पहिला टॉमी स्मिथ आणि तिसरा जॉन कार्लोस, दोघं अमेरिकेचे काळे धावपटू, पदक घ्यायला उभे राहिले, काळ्यांवरच्या अन्यायाच्या निषेधात, मान खाली, काळा हातमोजा घातलेली मूठ वर. तोंडातून एक शब्द नाही. ब्रंडेज साहेबांना तेव्हा मात्र लख्ख दिसलं राजकारण! दोघांची घरी रवानगी.

दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा गोरा पोरगा, पीटर नॉर्मन. त्याने त्यांच्यासारखाच मानवी हक्कांचा बिल्ला छातीला लावला होता, एवढंच. २००६ मध्ये तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्याला खांदा दिला. हे मी कितीदाही वाचलं तरी डोळे भरतात. जाऊ द्या.

मला म्हणायचंय ते एवढंच. हे "राजकारण आणू नका" वरून खाली बोललं जातं. मांडवातून मैदानाकडे. कधी कोणी मांडवातल्या माणसाला म्हटल्याचं ऐकलंय?

माझे आजोबा अमरावतीचे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ ला ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेलं होतं, कबड्डी आणि आपले देशी व्यायाम दाखवायला. आजोबा हे सांगताना खुर्चीतच छाती काढून बसायचे. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, पण आजोबा, समोर हिटलरचं राज्य होतं ना? ते म्हणाले, "समोर कोन होता ते नको पाहू, मांग कोन होता ते पाह्य." मागे होता इंग्रज. त्याच बर्लिनमध्ये हॉकीच्या अंतिम सामन्याआधी, कपडे बदलायच्या खोलीत, ध्यानचंद आणि मंडळींनी काँग्रेसच्या तिरंग्याला सलाम केला. बाहेर मैदानात झेंडा इंग्रजांचा. मग बाहेर येऊन जर्मनीला ८-१ ने झोडपलं. तारीख १५ ऑगस्ट. अकरा वर्षं आधीची १५ ऑगस्ट! काकांना विचारायचंय, तो सलाम पुसून टाकू का? खेळात राजकारण नको म्हणून?

बरं, सगळं राजकारण वाईट नसतं हेही मान्य. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारला १९६४ पासून १९९२ पर्यंत ऑलिंपिकच्या दाराबाहेर ठेवलं, ते योग्यच केलं. पण १९८० ला अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार घातला, १९८४ ला रशियाने लॉस एंजेलिसवर, त्यात कोणत्या नेत्याचं काय बुडालं? बुडाली ती वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींची चार-चार वर्षं. एका फेरीसाठी कोणी चार वर्षं पळतं आणि मग कोणीतरी म्हणतं, साहेबांना जायचंय.

अजून एक कबूल करते, नाहीतर भाची रुसेल. तिच्या शर्यतीच्या दोन्ही फेऱ्या झाल्या. साहेब फुगे सोडून आधीच निघून गेले होते म्हणून असेल, पण झाल्या. आणि हा महोत्सव नसता तर ती या वर्षी कुठेच पळाली नसती, हेही खरं आहे. लिहिताना बोटं जड झाली, पण खरं आहे.

आता आपल्याकडे २०३० ला अहमदाबादेत राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी आपण २०२४ मध्येच इरादापत्र दिलंय. मला आनंद नाही असं कोणी म्हणू नये, तिकीट मिळालं तर मी पहिल्या रांगेत ओरडायला बसेन. पण २०१० च्या दिल्लीत काय झालं ते विसरायला मला जमत नाही. उद्घाटनाला दोन आठवडे राहिले असताना मुख्य स्टेडियमजवळचा नवा पादचारी पूल कोसळला. आणि खर्चाचं म्हणाल तर माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकच्या स्टेडियमचं कर्ज २००६ मध्ये फेडून संपवलं. तीस वर्षं! ७६ ला जन्मलेलं पोर स्वतः बाप झालं असेल तोवर.

आणि आमची पोरगी पहाटे साडेपाचला सर्व्हिस रोडवर पळते. मैदानावर कधी लग्न, कधी प्रदर्शन, कधी सभा. मैदान मोकळं असलं तर मांडवाचे खड्डे असतात. मागच्या हिवाळ्यात अशाच एका खड्ड्यात तिचा पाय मुरगळला. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ ला जागतिक तिरंदाजीत सुवर्ण घेतलं, अंतिम लढतीत १५० पैकी १५०. तेही बर्लिनलाच, बघा. मग हांगझोऊच्या एशियाडमध्ये तीन सुवर्णं. सराव कुठे करायचा? साताऱ्यात. कोणी पदक आणलं की चौकात फ्लेक्स लागतो, त्यात पोराचा फोटो टपाल तिकिटाएवढा आणि अभिनंदन करणारे अकरा जण पाटाएवढे.

पुन्हा चिडले. सकाळपासून हेच चाललंय.

८२ ची एक गोष्ट मी घरीही कधी सांगितली नाही. त्या दिवशी पहिली आली ती कामठीकडच्या शाळेतली होती. उंच, काळीसावळी, अनवाणी. चाळीस वर्षं मी तिच्यावर डूख धरून होते, जणू माझी दुसरी फेरी तिनेच पळवली. तिला बक्षीस मिळाला स्टीलचा पेला. त्यावर मशीनने कोरलेलं, अमुक साहेब यांच्याकडून सप्रेम भेट. (आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचंच नाव घालतात, मीही लग्नाच्या अहेरावर घातलंय, आता काय बोलू.) तिचं नाव त्यावर नव्हतं. माईकवरून पुकारलं होतं, पण मी रडत होते, ऐकलं नाही.

मी मैदानाच्या कडेला बसले होते. ती ड्रमपाशी गेली, त्या नव्या पेल्यात पाणी घेतलं, आणि स्वतः न पिता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पावलं भाजल्यामुळे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. म्हणाली, "घे ना. तू तं अजून पळून राहिली होती."

मी तोंड फिरवलं. पायात कॅनव्हासचे बूट होते माझ्या.

कामठी-कन्हान भागातलं कोणी हे वाचत असेल तर विचारून बघा. ८२ साली सातवी-आठवीत असेल, म्हणजे आता माझ्याच वयाची, पंचावन्नच्या आसपास. पळायची. पेला तिच्याकडे अजून असेल, स्टीलचा होता.