संध्याकाळी सातला कुठे जायचं?

गेले दोन आठवडे आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे: आडवी बाटली, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं मत. गाव एरंडोल तालुक्यातलं, हायवेपासून बरंच आत. देशी दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावं म्हणून बचत गटाच्या बायकांनी सह्या गोळा केल्यात. एक बाजू म्हणते, बंद करा. दुसरी म्हणते, बंदीने काय होतं? चंद्रपूरला २०१५ मध्ये केली आणि २०२१ मध्ये उठवावी लागली. दोन्ही बाजूंना साक्षीला मी हवा असतो. "तू हॉलंडात राहतोस, तिकडे सगळं मोकळं आहे, कोणी गटारात पडलेला दिसतो का? सांग यांना."

सांगतो. मला उट्रेख्तला येऊन अकरा वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं मी रोज प्यायलो. गटारात नाही पडलो. घरातच, सोफ्यावर, पडदे ओढून. इथे सुपरमार्केटात दूध घ्यायला गेलं की दोन रांगा पुढे बिअर आणि वाइन मांडलेली असते. वयाची १८ वर्षं पूर्ण असली की कोणी काही विचारत नाही. शेजाऱ्याला कळत नाही, आणि कळलं तरी तो बोलत नाही. गावात असतो तर माझी काकू दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली असती. तेव्हा मोकळीक असली की माणूस बिघडत नाही, हे वाक्य माझ्या नावावर खपवू नका.

मतदान लागलं तर मी बायकांच्या बाजूने आहे. मजुरी हातात पडते तिथून घरापर्यंतच्या वाटेवर ते दुकान आहे, आणि त्या वाटेवर काय होतं ते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. माझं दुखणं वेगळं आहे. त्या दोन आठवड्यांच्या शेकडो मेसेजमध्ये दारू सोडलेला माणूस कुठेच नाही. दुकान बंद असो की उघडं, संध्याकाळी सातला त्याने कुठे जायचं? रात्री छाती धडधडली तर कोणाला विचारायचं?

मी सोडली त्याला आता साडेतीन वर्षं झाली. इथे पहिल्यांदा हाउसार्ट्सकडे, म्हणजे आपल्या भागातल्या घरच्या डॉक्टरकडे जायचं असतं. विमा असूनही वर्षाचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात, पण हाउसार्ट्सकडे जाणं त्यात धरत नाहीत. डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं: रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एका रात्रीत बंद करायची नसते, फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. गोळ्या, बी-वन जीवनसत्त्व, पहिला आठवडा देखरेख. हे मला चाळिशीत, परक्या भाषेत कळलं. खानदेशात लहानाचा मोठा झालो, दारूने मेलेली माणसं पाहिली, पण सोडतानाही जपावं लागतं हे तिथे कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सायकल दुसऱ्या महिन्यात आली. जुनीच घेतली, तीन गियरची. ॲमस्टरडॅम-राइन कालव्याच्या कडेने वाट आहे, तिथे संध्याकाळी सातला निघायचं, कारण सात ही माझी पहिल्या ग्लासाची वेळ होती. शेजारून रेती भरलेली लांबलचक जहाजं जातात आणि समोरून वारा. आमच्याकडे मे महिन्यात ४४ डिग्रीत लू लागते. हा वारा थंड आणि हट्टी, माणसाला मागे ढकलणारा. पहिल्या दिवशी चार किलोमीटर गेलो आणि परत आलो. त्या रात्री झोप लागली.

मग भीती सुरू झाली. सहाव्या आठवड्यात चालत्या सायकलवर काळजाचा ठोका चुकल्यासारखं झालं. उतरलो, बाकावर बसलो, हात गार पडले. वडील हार्टनेच गेले, ते आठवलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. निघालं एवढंच की अधूनमधून एक जादा ठोका पडतो, माझ्या बाबतीत धोका नाही, आणि ब्लडप्रेशर १५०/९५, ज्यावर लक्ष ठेवायचं. पण कागदावर लिहिलेलं मनाला पटायला वेळ लागतो. दारू इतकी वर्षं मेंदूला रोज गप्प बसवत होती. ती गेली, आणि पोटातली कळ, कानातली धपधप, डाव्या हाताची मुंगी असं शरीरातलं सगळं एकदम ऐकू यायला लागलं. मनगटावरच्या घड्याळात मी दिवसातून पन्नासदा नाडी पाहायचो, आणि पाहिली की ती वाढायची. शेवटी बाईंनी घड्याळ घरी ठेवायला लावलं. म्हणाल्या, सायकलवर बोलता आलं पाहिजे, एवढं माप पुरे. बोलताना दम लागला की हळू व्हा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि लगेच फोन करायचा, तिथे शहाणपणा नको. तेव्हापासून मी आई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायची त्या गाण्याची ओळ मोठ्याने म्हणून पाहतो. ओळ पुरी झाली की पायडल मारायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. चौथ्या महिन्यात मी एका दिवसात नव्वद किलोमीटर मारले आणि बायकोला चाळीस सांगितले. दारात सायकल लावताना जाणवलं, बाटल्या लपवायचो तोच आवाज, तोच चेहरा. त्या रात्री तिला खरं सांगितलं. आता आठवड्यातले चार दिवस, जास्तीत जास्त तासभर.

दादाचं, म्हणजे मोठ्या चुलत भावाचं, याच्या उलट झालं. त्याने तीन वर्षांपूर्वी माळ घातली आणि त्याच दिवशी दारू बंद केली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. भगताकडे एक दिवस गेला, मग जळगावला दवाखान्यात नेलं, वाचला. पण घरी सोडताना पुढे काय होईल ते कोणी सांगितलं नाही. तो म्हणायचा, "छाती धडधड करस." कोणी म्हणालं गॅस, कोणी म्हणालं अशक्तपणा. आणि पारावरचा मित्र म्हणाला, "थोडीशी ले भो, बरं वाटी." बरं वाटलंही, हेच वाईट. महिन्याच्या आत माळ उतरवून ठेवली. गावाने शिक्का मारला, बेवडा तो बेवडाच. २०१९ च्या सरकारी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळत होता. उरलेल्या सदतीस जणांत दादासारखे किती असतील, याचा विचार मला झोपू देत नाही.

ग्रुपवर हे लिहिलं तर उत्तर आलं: तिकडचे रस्ते तसे, डॉक्टर तसे, आपलं काय. पण इथले रस्ते आभाळातून पडलेले नाहीत. १९७१ या एका वर्षात या छोट्या देशात चारशेहून अधिक मुलं वाहनांखाली गेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा म्हणाले. सायकलींच्या वाटा त्यानंतर वाढत गेल्या. आपल्या बचत गटाच्या बायका सह्या घेऊन हिंडतायत, त्या मला वेगळ्या वाटत नाहीत.

आणि गावात काहीच नाही असंही नाही. आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरच्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर फुकट तपासतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ वर टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे; दोन्ही नंबर दुकानाच्या भिंतीवर रंगवता येतात. गिरणेच्या पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता आहे, पहाटे तिथे ट्रॅक्टरही नसतो. ग्रामसभेच्या ठरावात दुकानाबरोबर हेही यावं: सोडणाऱ्याला आधी डॉक्टरकडे नेणार कोण, आणि संध्याकाळी सातला त्याच्यासोबत असणार कोण. सोबतीच्या बाबतीत गाव माझ्या पुढे आहे. इथे कालव्यावर साडेतीन वर्षं मी एकटाच आहे.

दादाने सात महिन्यांपूर्वी पुन्हा सोडली, या वेळी डॉक्टरच्या गोळ्या घेऊन. दुधाच्या कॅनची जुनी सायकल त्याने पुसून काढली. परवा रात्री फोन आला, उपकेंद्रात प्रेशर १३८/८८ भरलं म्हणून. मग जरा थांबून विचारलं, "पद्मालयाच्या गणपतीला सायकलवर जाऊ का रे?" मी म्हटलं, तिथे चढ आहे, आधी उपकेंद्रातल्या मॅडमना विचार.

"विचारलं," दादा म्हणाला. "चढ लागला की उतरून पायी चाला म्हणाल्या."